ग गादीचा

आधी बोट ओठांवर जायचं, मग शब्द यायचे. “हळू बोला. मूल ऐकतंय.” साताऱ्यात आमच्या शेजारी राहणारे प्रोफेसर हे कुणालाही सांगायचे. नळावर भांडणाऱ्या बायकांना, माझ्या सासूला, एकदा तर घोड्याला शिव्या देणाऱ्या टांगेवाल्याला. तो म्हणाला, “आवं मास्तर, घोडं बी ऐकतंय की. पन चालतंय कुटं?” प्रोफेसर स्वतःच पोट धरून हसले. तुमच्याही गल्लीत असा एखादा शहाणा असेल. असला तर जपून राहा.

ते शिक्षकांना शिकवायच्या कॉलेजात होते आणि मुलं कशी वाढवावीत यावर पुस्तकं लिहीत. मला पुस्तकांचं काय? माझा नवरा लढाईवर गेलेला, आणि आठ वर्षांचा गणपत पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेला. सासू म्हणायची, चटका द्या. शेवटी परड्याच्या भिंतीवरून मी प्रोफेसरांनाच सांगितलं.

खोटं कशाला बोलू, त्यांनी नीट ऐकून घेतलं. “रागावू नका, वहिनी. बाप आठवत असेल त्याला.” मग रोज संध्याकाळी ते गणपतला ओट्यावर बसवून त्याच्याबरोबर मातीचे बैल करायचे. दिवाळीपर्यंत गादी कोरडी राहू लागली. मी त्यांना देव मानायची बाकी होते.

मग त्यांचं नवं पुस्तक आलं. त्यात होतं, ‘शेजारच्या सैनिकाचा मुलगा ग, वय आठ.’ पुढे सगळं, गादीसकट. आमच्या गल्लीत सैनिकाचा मुलगा एकच. गणपतच्या मास्तरांनी ते वाचलं आणि वर्गात हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं बाराखडीच्या सुरात म्हणू लागली, “ग गादीचा, ओल्या गादीचा.”

गणपत शाळेत जाईना. गादी पुन्हा ओली. मी तडक प्रोफेसरांच्या ओट्यावर गेले. “माज्या पोराचं हसं का केलंसा?”

“वहिनी, मी नाव कुठे लिहिलं? आणि यातून हजार मुलांचं भलं होईल.”

“हजारांचं व्हईल. माज्या एकाचं काय?”

ते चष्मा पुसत बसले.

पोराला घेऊन मी सांगलीला भावाकडे आले. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. गणपत शाळेत रुळला, त्याला दोन मित्रही मिळाले.

आणि एक दिवस सांगलीत व्याख्यानाला आलेले प्रोफेसर थेट दारात. हातात पुस्तकाची नवी आवृत्ती. “वहिनी, दुरुस्ती केली. ‘ग’चा ‘म’ केला.”

“मंजी आता कुन्या मारुतीचं वाटोळं?”

ते वरमले. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. “मला गणपतची माफी मागू द्या. त्या गादीचं मी...”

गणपत आतच होता, त्या दोन मित्रांबरोबर जेवत. मी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला, मास्तर. मूल ऐकतंय.” आणि दार लावून घेतलं.

बरं वाटलं. लय बरं वाटलं. प्रोफेसर पुस्तक पायरीवर ठेवून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यावर मी गणपतच्या आंघोळीचं पाणी तापवलं.

पुढे ते वारल्याचं कळलं. शोकसभेला सगळी गल्ली लोटली म्हणे. मी गेले नाही. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणोत बापडे. पण अजून घरात कुणी आवाज चढवला की माझं बोट आपोआप ओठांवर जातं. मग मी ते पदराला पुसून टाकते.