नाक्याच्या अलीकडे विणलेल्या टोपल्या

अहेरीच्या बाजाराच्या दिवशी जंगल नाक्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा टोपल्या विणत बसलेला असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. स्वतःच्या वाडीतले बांबू तो सायकलला बांधून आणायचा. बांबू नाक्यापलीकडे न्यायला परवाना लागायचा, विणलेल्या टोपलीला लागायचा नाही. म्हणून हा नाक्याच्या अलीकडेच बसून कोयत्यानं बांबू चिरायचा, पायाच्या अंगठ्यात कामटी धरून विणायचा आणि दुपारी चार-पाच टोपल्या लटकवून नाकेदारासमोरून सरळ बाजारात जायचा.

मी तिथल्या शाळेत मास्तर. माझी मोटारसायकल दिसली की नाकेदार काही न विचारता रस्त्यावरचा आडवा दांडा वर करायचा. एकदा तसाच दांडा उचलल्यावर त्याला म्हाताऱ्याची दया आली.

"भाऊ, ऊन लय हाये. जा आज बांबू घेऊन. मी पाह्यलंच नाई."

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "बांबू मीच लावला, मीच तोडला. आज तुमी सोडान. उद्या दुसरा साहेब येईन, तो आडवन. मले तुमची मेहरबानी काऊन पायजे?"

दांडा बराच वेळ वरच राहिला. म्हातारा टोपलीचा काठ बांधत बसला. मी मात्र त्याच दांड्याखालून गाडी काढली. नाकेदार आपल्याला ओळखतो, याचा मला तोवर अभिमान वाटायचा.