उलटा वापरलेला टॉर्क पाना

एक चूक मी आठ वर्षे लपवून ठेवली. गंजलेला नट सोडवण्यासाठी मी मिस्त्रींच्या टॉर्क पान्यावर अंगाचा सारा भार टाकला आणि तो बिघडवला. हा पाना नट नेमक्या जोराने आवळण्यासाठी असतो. मुठीवर आकडा लावून ठरवलेला जोर लागला की कट् असा आवाज देतो. सोडवण्यासाठी तो वापरत नाहीत, हे मला ठाऊक होते. साध्या पान्याच्या दांड्यात घालायचा लांब पाइप गॅरेजमागून आणायचा कंटाळा केला, इतकेच. आतून काही तरी मोडल्याचे जाणवले, तरी पाना तसाच पेटीत ठेवला.

महाडच्या ज्या गॅरेजात आम्ही दोघे काम करतो, तिथे मिस्त्री माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पाना घेतानाचा त्यांचा विवेक मला अजून आठवतो. दुकानदार सर्वांत मोठा पाना पुढे करत होता. मिस्त्री म्हणाले, "आमची कामं ह्याच्या तळाच्या आकड्यांवर येतात. तिथं हा खरं बोलायचा नाय." रोजच्या कामाचे आकडे ज्याच्या मधोमध पडतील, असाच पाना त्यांनी निवडला. काम झाले की त्याची स्प्रिंग सैल करून, पुसून ठेवत. चाकाचे नट समोरासमोरचे घेत, तीन फेऱ्यांत आवळत. एकदा कशेडी घाटाकडे निघालेला जीपवाला वैतागला.

"मिस्त्री, नट आवळताय का पूजा मांडलीय?"

"घाटात चाक तुझ्या पुढं पळालं, की पूजा तुझ्या घरचे घालतील. बस गप!"

माझ्या चुकीनंतर दोनच दिवसांनी ते त्याच पान्याने एका इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, बोल्ट आवळून बसवत होते. मध्येच थांबले. "हाताला पुरेसं लागतंय रे. पण पाना कट् करीत नाय."

मी शेजारी उभा होतो. बोललो नाही. त्यांनी पान्यावर विश्वास ठेवून आणखी आवळले आणि बोल्ट तुटला.

"आकडा मीच चुकीचा लावला असंल," ते गाडीमालकाला म्हणाले. तुटलेला बोल्ट काढण्यात त्यांचा अख्खा दिवस गेला; एक शब्द तक्रारीचा नाही. मी मात्र तपासणीच्या निमित्ताने पाना गुपचूप दुरुस्त करून आणला. मिस्त्रींनी त्यानंतर इंजिनाच्या हेडला हात लावला नाही. ती कामे माझ्याकडे आली, त्यांच्या शाबासकीसह.

गेल्या महिन्यात तुडीलचा एक गाडीवाला हटून बसला, की इंजिन मिस्त्रींनीच उघडावे.

"नको रे बाबा," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हातावर माझाच भरवसा नाय ऱ्हायला. ह्याला दे."

माझा आवाज मुळातच हळू. त्या दिवशी गाडीवाल्यालाही ऐकू जाईल इतका तो मी चढवला.

"मिस्त्री, तो बोल्ट तुटला तेव्हा तुमचा हात बरोबर होता. पाना मी बिघडवला होता, नट सोडवायला वापरून. तुम्ही थांबलात, तेव्हाही मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."