एकच रिव्हॉल्व्हर, पण सगळ्याला चालणारं

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आणायचं ठरलं, तेव्हा कुणाचंही कुणाशी भांडण नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं! सासूबाई गेल्यावर आम्ही अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, साताऱ्याहून जर्मनीत, कोलोनला आणलं होतं. उभा जन्म पोलीस खात्यात काढलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून ओला, करडा रस्ता बघायचा. समोरचा चहा गार व्हायचा. मी विनोद सांगितला की "हं" म्हणायचे. मुग्धा, माझी बायको, स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि मला फार अपराधी वाटायचं.

शेवटी इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या नाटकात मुग्धाने त्यांना इन्स्पेक्टर केलं. एक वाक्य, एक गोळी. गोळी खाणारा खलनायक मी. (दुसरं कुणी तयार नव्हतं.)

"रिव्हॉल्व्हर कुठलं?" अप्पांनी विचारलं.

महिन्याभरातला त्यांचा पहिला प्रश्न! मी हुरळून गेलो. नाटकाच्याच दिवशी सकाळी मुलांच्या शर्यती होत्या, तिथेही बार हवा होता. शिवाय खंडेनवमीच्या पूजेत आमच्याकडे दर वर्षी माझा स्क्रू ड्रायव्हर असायचा.

"अप्पा, तिन्हीकडे चालेल असं एकच घेऊ!" मी म्हणालो. इंजिनिअर माणूस, दुसरं काय सुचणार?

कार्निव्हलची सोंगं विकणाऱ्या दुकानात अप्पांनी खेळण्यातली रिव्हॉल्व्हरं एकेक करून नापास केली. "हे हलकं. हे पोरकट. याला चोर भिणार नाही." अखेर टिकल्यांचं एक काळं, भारदस्त धूड पसंत पडलं.

"ओपा, दास इस्ट प्लास्टिक!" आमची सात वर्षांची रेवा आजोबांना जर्मनमध्ये म्हणाली, हे तर प्लास्टिक!

"असू दे. खात्यात याहून वाईट वापरलीत."

खंडेनवमीला अप्पा म्हणाले, "रिकामं शस्त्र पुजत नाहीत." मी टिकल्या भरल्या. मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. जावयाची भक्ती दिसावी म्हणून वर पळी पळी पाणीही सोडलं. चांगलं चार वेळा!

रविवारी सकाळी शर्यतीला मी हात उंचावून चाप ओढला. फुस्स! नळीतून कुंकवाचा एक ओघळ माझ्या बाहीत उतरला. मुलं वाकून तशीच उभी.

"अरे, पळा की!"

एकही हललं नाही. जर्मनीत वाढलेली मुलं ती, बार झाल्याशिवाय कशी पळतील? शेवटी मीच "ठो!" असं ओरडलो.

अप्पांचा चेहरा पडला. "मला नको ते नाटक. चारचौघांत शोभा होईल. माझं साताऱ्याचं तिकीट काढा."

मुग्धाने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच गोळी घालून घ्यावीशी वाटली. (सोय नव्हती.) "दुपारपर्यंत वाजवून दाखवतो, अप्पा," मी हात जोडले. टिकल्या बदलल्या, अक्षता टोकरून काढल्या, धूड हीटरवर वाळवलं.

दुपारी भरल्या हॉलमध्ये अप्पा रंगमंचावर आले. पाठ ताठ, आवाज खणखणीत. "संपला तुझा खेळ!" त्यांनी चाप ओढला.

टिक.

पुन्हा टिक. मी छाती पुढे काढून वाट बघत उभा. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला स्पष्ट दिसलं.

"मर!" विंगेतून मुग्धा कुजबुजली. "अरे, मर ना!"

"बार कुठे झालाय?" मी ओठ न हलवता विचारलं.

"बाराशिवाय मर!"

मी छाती धरली, "आई गं!" केलं, एक खुर्ची पाडली आणि आडवा झालो. आणि तेव्हा, अप्पा हात खाली घेत असताना...

ठो!

मी दचकून चक्क उठून बसलो. मग आठवलं, आणि परत मेलो.

अप्पांनी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि ते हसले! आधी नुसते खांदे हलले, मग खो खो, मग डोळे पुसत खाली बसकण. पडदा पडला तरी थांबेनात. मुग्धा त्यांच्या गळ्यात पडून रडत होती.

आठ महिने त्यांना हसवायला मी जिवाचं रान करत होतो. जमलं ते मेल्यावर, आणि तेही मला धड मरता आलं नाही म्हणून!