यात नवीन काय?

पेटंट कचेरीतल्या परीक्षक बाईंना सगळे पाठीमागे 'नवीनकाय बाई' म्हणत. कुणी कितीही मोठा शोध घेऊन येवो, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: यात नवीन काय? बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. घरीही तोच खाक्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानातली एखादी गंमत रंगवून सांगायला बसला, की बाई मध्येच "कळलं, पुढचं माहीत आहे" म्हणून उठायच्या. बिचाऱ्याने हळूहळू सांगणंच सोडून दिलं.

त्या आठवड्यात बाईंपुढे अतिसंवाहक सिरॅमिकचे, म्हणजे थंडगार केल्यावर वीज कणभरही वाया न घालवणारे, धागे बनवण्याच्या रीतीचा अर्ज होता. ओला धागा ओढायचा आणि भट्टीत प्राणवायू सोडून अगदी सावकाश भाजायचा. बाईंनी दोन जुने लेख हुडकून काढले. एकात धागा ओढणं होतं, दुसऱ्यात तसं भाजणं. दोन्ही जोडले की झालं. आणि कोणाही जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. संशोधकाने या धाग्यापायी चांगली नोकरी सोडली होती. पेटंट हुकलं तर एकही कारखानदार त्याला दारात उभं करणार नव्हता. पण त्याला बाईंचा इलाज नव्हता. त्यांनी तसा आक्षेप नोंदवला आणि सुनावणी ठरली.

सुनावणीच्या सकाळी त्यांनी पहिला लेख पुन्हा उघडला, तर नेमकं शेवटचं पान निघालं. ते त्यांनी वाचलंच नव्हतं. तिथे लेखकाने बजावलं होतं, की असा धागा सावकाश भाजायच्या भानगडीत पडू नका, भुगा होतो, आम्ही हात टेकले. साक्षीला आणलेला लेखच बाईंवर उलटला होता. जाणत्यांनी नको म्हटलेलं या माणसाने करून दाखवलं होतं.

संशोधकाच्या वकिलाला याचा पत्ताच नव्हता. तो भलत्याच मुद्द्यावर घसा कोरडा करत होता. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं, असा विचार मनात आला आणि बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी वकिलाला थांबवून लेख पुढे सरकवला.

"शेवटचं पान वाचा. मी वाचलं नव्हतं. माझा आक्षेप मी मागे घेते."

संशोधक ते वाचता वाचता खुर्चीत मागे टेकला आणि खिशात रुमाल शोधू लागला.

संध्याकाळी नवरा चहा गाळत होता. दुकानात आज काय झालं, असं बाईंनी विचारलं. नेहमीचंच, त्यात नवीन काय, असं तो म्हणाला. बाईंना ते चांगलंच लागलं. त्यांनी खुर्ची ओढली.

"सांगा तरी. शेवटपर्यंत ऐकते."

बाई उठत नाहीत ना, हे त्याने जरा वेळ पाहिलं आणि मग सांगायला सुरुवात केली.