ओव्याच्या अर्काची काच

वरळीच्या कोळीवाड्यात जन्म घेऊनही तुळशीदासला समुद्र मानवला नाही. होडीत बसला की आतडी तोंडाशी यायची. शेवटी बापाने होडी थोरल्याच्या हवाली केली आणि ह्याला कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, चिकटवला. डिलाईल रोडच्या चाळीत खोली झाली, शेवंता घरात आली.

बाकीचे साचेवाले सुटीला पत्ते कुटायचे, कुणी भजनात टाळ धरायचा. ह्याचा नाद जगावेगळा. चोरबाजारात कुठल्याशा मोडीत निघालेल्या प्रयोगशाळेचं सामान मांडलं होतं. त्यातून ह्याने गोल बुडाचा काचेचा चंबू, एक लांब दुपदरी नळी आणि ती धरायला लोखंडी स्टँड उचलून आणला. चंबूत ओवा आणि पाणी घालून स्टोव्हवर चढवायचं, नळीच्या बाहेरच्या पदरातून गार पाणी फिरवायचं, की आतल्या पदरातून अर्क थेंब थेंब उतरतो. चाळीत कुणाच्या पोराचं पोट फुगलं की आई बाटली घेऊन दारात. पण तुळशीदासला पोरांच्या पोटाशी फारसं देणंघेणं नव्हतं. वाफेचं पाणी होताना डोळ्यांनी दिसतं, त्यातच त्याचा जीव रमायचा. शेवंता म्हणायची, "माझ्याकडं एवढं टक लावून कदी बघितलं नाय."

गिरण्यांचा संप लागला आणि हा नाद अंगाशी यायला लागला. घराला आधार काय तो शेवंताच्या मासळीच्या पाटीचा. आसपासच्या चाळींत कुणी कुणी पोटासाठी हातभट्टी लावली, मग दारूबंदीवाल्यांच्या धाडी सुरू झाल्या. पलीकडच्या गल्लीतून एकाला पिंपासकट उचलला. बोललं जात होतं की अंगावर पोलीस केस असलेल्याला मालक परत घेणार नाहीत. तुळशीदासच्या मनात तेवढं एकच बसलं: गिरणी उघडेल त्या दिवशी आपण दाराबाहेर राहता कामा नये. त्याने भट्टीसारखी दिसणारी ती काच गोधडीत गुंडाळून माळ्यावर सरकवली. तरी जिन्यावर बूट वाजले की हा गॅलरीत डोकावून यायचा. खोलीचं दार लावून घ्यावं, तर दिवसा दार लावणाऱ्याकडे अख्खी चाळ बघते. उघडं ठेवावं, तर ह्याचीच नजर सारखी माळ्याकडे.

अशात दसरा आला. दरसाल ह्या दिवशी साच्याला झेंडूची माळ चढायची, नारळ फुटायचा. यंदा साचा कुलपात. गडी सकाळपासून हात चोळत बसला आणि शेवटी उठून काच खाली काढली. पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं, माळ घातली. दसऱ्याला हत्यार उपाशी ठेवू नये, एवढंच डोक्यात. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं घरात येतात, हे डोक्यात शिरायला उशीर झाला.

रघुवीर हवालदार आला. नायगावच्या पोलीस चाळीतला, संपामुळे नाक्यावर बंदोबस्ताला असणारा, शेवंताचं जुनं गिऱ्हाईक. आपट्याचं पान हातात आणि डोळे पाटावर.

"तुळशीदास, हे काय पुजलंस?"

तुळशीदासने ओव्याचं सांगितलं. सांगताना जीभ दोनदा अडखळली. हवालदार खाली बसला आणि सावकाश म्हणाला, "भट्टीचं सामान ज्याच्या घरात, त्यानंच पटवून द्यायचं की हे दारूसाठी नाही. नाही पटलं तर आत. कायदा असा आहे बाबा."

तुळशीदास तिथल्या तिथे स्टोव्ह पेटवून दाखवायला निघाला, पण शेवंताने हात धरला. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. हवालदारालाही ते पटलं. त्याच्या चौकीत लाठ्यासुद्धा त्या दिवशी कुंकू लावून भिंतीला टेकल्या होत्या. उद्या येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हवालदारासमोर ओवा घालताना निम्मा जमिनीवर सांडला. पाणी उकळलं, वाफ वर चढली, नळीच्या तोंडाशी मात्र काही येईना. हवालदार घड्याळ बघतो, तुळशीदास नळी. शेवटी थेंब पडला. हवालदाराने वास घेतला, जिभेला लावला, डोळे मिचकावले आणि दणकून ढेकर दिला. म्हातारीला वाताचा त्रास आहे म्हणून एक बाटली भरून घेतली.

सुटलो, असं वाटतंय तोवर शनिवारी हवालदार रिकामी बाटली घेऊन परत हजर. म्हातारीला गुण आला होता. मग चौकीतल्या आणखी कुणाकुणाची पोटं दुखायला लागली. दर शनिवारी वर्दी जिना चढायची, चहा पिऊन उतरायची. ते दिवस असे, की संपातली पुढारी माणसं झोपेतून उचलली जात होती आणि कोण कुठे झोपतो ते पोलिसांना सांगतं कोण, ह्यावर चाळ कुजबुजत होती. तुळशीदास नळावर गेला की बोलणं बंद. समोरच्या खोलीतला जगन, त्याच्याच पाळीचा साचेवाला. एक दिवस मिश्री लावता लावता तो म्हणाला, "तुळशा, तुझा अर्क लई गुणाचा. पोलिसांची पोटं साफ आन् आमची माणसं साफ."

तुळशीदास खोलीत शिरला. मालकाने आत घेतला तरी ह्यांच्या शेजारी साच्यावर उभं कसं राहायचं?

त्याने तशीच काच उचलली. झाकली नाही. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत गॅलरीतून, जिन्यावरून, नाक्यावरून चौकीत नेली आणि रघुवीरच्या टेबलावर ठेवली. तुमच्याकडेच ठेवा म्हणाला. रघुवीरने आवाज खाली आणला.

"घरात होतं तोवर मला दिसलं नव्हतं. इथं आणलंस तर कागदावर घ्यावं लागेल, आणि कागदाला नाव लागतं. उचल."

परत आला तर गॅलरीत गर्दी. चौकीत घेतलं नाही, एवढंच तो बोलला आणि तूच ठेव म्हणून चंबू जगनपुढे धरला. जगनने हात मागे घेतले. दुसऱ्यांनीही. शेवंता तर उंबऱ्यावर आडवी उभी राहिली, ही ब्याद आता घरात नको म्हणून. तेव्हा तुळशीदासने स्टँड गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांच्या वाटेवर ठेवला आणि आत जाऊन बसला. बायका त्याच्या कडेने धुणी वाळत घालू लागल्या.

शनिवारी रघुवीर आला तो बाटली न घेता. बरोबर दारूबंदीचा नवा साहेब आणि दोन शिपाई. धाड होती. साहेबाने काच बघितली.

"हे कोणाचं?"

रघुवीर छताकडे बघत राहिला. तुळशीदास आपल्या दारात उभा. एकाने नुसतं बोट केलं असतं तरी काम भागत होतं. जगनने कठड्यावरून खाली थुंकून घेतलं.

"आमाला काय ठावं, सायेब. आमी संपावर हाय. आमी कायबी बनवत न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाने दारोदार विचारलं, दारोदार तेच उत्तर. शेवटी वैतागून त्याने बेवारस असं लिहायला लावलं. शिपायाने स्टँड आडवा धरला आणि चालू लागला. चंबू नुसत्या मानेवर लोंबकळत होता. बुडाला हात द्या, मान कच्ची आहे त्याची, असं तुळशीदासच्या ओठांवर आलं. पण बोलला असता तर चंबू त्याचा झाला असता.

जिन्याच्या वळणावर काहीतरी वाजलं. आपटलं की फुटलं, ते वरून कळेना. चौकट घट्ट धरून तो उभा राहिला, तोंड मिटून.