बालगीतांच्या कॅसेटसाठी घेतलेले हेडफोन

सांता क्लारातल्या आमच्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्या बाईंनी टोस्टर खाली दाबला तरी कळायचं. तिथल्या मराठी मंडळाने बालगीतांची कॅसेट काढायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा पहिली अडचण हीच आली. स्पीकरवर एकच ओळ चाळीस वेळा ऐकली असती, तर मॅनेजरने आम्हाला घर सोडायला लावलं असतं. त्यामुळे सगळं काम हेडफोनवर.

मी मिरजेला असताना सात-आठ वर्षं गाणं शिकले होते आणि नवरा इंजिनियर, म्हणून हे काम आमच्याकडे आलं. मंडळातली इथे जन्मलेली मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. आमची चार वर्षांची लेकही त्यातलीच. गाडीत सारखी वाजली तर निदान गाणी तरी तोंडात बसतील, असं आम्हा आयांना वाटत होतं. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने चार ट्रॅकचं कॅसेट मशीन वापरायला दिलं. एका ट्रॅकवर पेटी, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर मी, चौथ्यावर मुलांचा कोरस. हे चार आवाज कमी-जास्त करत एकमेकांत नीट बसवायचे, त्याला मिक्सिंग म्हणतात, एवढं ज्ञान मला तिथे झालं.

पहिलं मिक्सिंग मी नवऱ्याच्या हेडफोनवर केलं. तो त्यावर रविवारी गाणी ऐकायचा. मला माझं काम फारच आवडलं. मग ती कॅसेट आम्ही मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांना दिली. ते डॉक्टर, मोजकं बोलणारे. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून त्यांनी दोन गाणी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "गोड आहे गं. पण शब्द कुठे आहेत? नुसता तबलाच ऐकू येतोय."

घरी येताना नवऱ्याने त्याचं कारण सांगितलं. त्याचे हेडफोन ऐकणाऱ्याला खूश ठेवायला बनवलेले होते. गाणाऱ्याचा आवाज ते आपणहून पुढे आणत. तो पुढे आहेच असं समजून मी कमी करत गेले, आणि गाडीतल्या साध्या स्पीकरवर तो ऐकूच येईनासा झाला. मिक्सिंगला वेगळे हेडफोन लागतात, ते घेऊ या, असं त्याने सुचवलं.

सॅन होजेला वाद्यांचं एक दुकान होतं. तिथला विक्रेता साठीचा, पूर्वी रेडिओ स्टेशनवर काम केलेला. मी त्याला विचारलं की सगळ्यात चांगला हेडफोन कोणता. त्याने आपल्या डाव्या कानाकडे बोट दाखवलं. तो कान गेला होता, म्हणून आता तो स्वतःचं मत देत नसे. म्हणाला, तुम्हाला अगदी पाठ असलेली एखादी टेप घेऊन या. ती प्रत्येक हेडफोनवर ऐका. जो तुम्हाला त्या टेपबद्दल काही नवीन सांगेल, तो घ्या.

पाठ असलेली टेप म्हटल्यावर मला गाण्याची टेप सुचलीच नाही. माझे वडील निवृत्त भूगोल शिक्षक. पत्रांऐवजी ते मिरजेहून टेप भरून पाठवायचे. शेवटची टेप तीन महिन्यांपूर्वी आली होती आणि ती मी स्वयंपाक करताना इतक्यांदा लावली होती की पुढचं वाक्य त्यांच्याआधी मी म्हणायची. कृष्णेला पाणी किती आहे, पेन्शनरांच्या कट्ट्यावर कोण कोणाशी बोलत नाही, असं सगळं त्यात होतं. शेवटी, "प्रकृती उत्तम आहे." मग जरा थांबणं, कप ठेवल्याचा आवाज, आणि "बाकी सगळं ठीक."

पुढच्या शनिवारी मी ती टेप घेऊन गेले. पहिला हेडफोन जाडजूड गाद्यांचा. त्यात बाबांचा आवाज एखाद्या कीर्तनकारासारखा भरदार वाटला. दुसऱ्यात त्यांचा प्रत्येक 'स' कानाला टोचत होता. तिसरा दिसायला अगदीच सामान्य, काळ्या प्लॅस्टिकचा, कानांवर घट्ट बसणारा. त्यातून आवाज कोरडा आला. मी तो काढणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं की बाबा मध्येमध्ये श्वास घेताहेत. आख्खा तास न थांबता जगातल्या नद्या सांगणारा माणूस चार शब्दांनंतर थांबत होता. मी ऐकत राहिले. "प्रकृती उत्तम आहे." आणि मग, ज्या जागी मला इतके दिवस फक्त कप ऐकू येत होता, तिथे लांबून आईचा आवाज आला.

"अहो, दवाखान्याचं नका सांगू तिला."

मी टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. तीनदा ऐकली. विक्रेत्याने एक स्टूल आणून माझ्या मागे ठेवलं. मी तोच हेडफोन घेतला. घरी गाडी कशी चालवत आले, ते आठवत नाही.

नवऱ्याला आधी पटेना. जुन्या टेपवर नवीन भरलं की खालचं थोडं उरतं, तसं काहीतरी असेल, असं तो म्हणाला. मी हेडफोन त्याच्या हातात दिला. त्याने ऐकलं, काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "फोन लाव."

आपल्याकडे सकाळ झालेली असेल अशा बेताने संध्याकाळी ऑपरेटरकडून फोन लावला. मिरजेच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या वकिलांकडे होता. आईला बोलावून आणलं. दवाखान्याचं काय, असं मी विचारलं, तर आधी ती माझ्या लेकीचीच चौकशी करू लागली. मग सांगू लागली. बाबांच्या हृदयाची झडप आखडली होती, पुण्याला नेऊन ऑपरेशन करायला सांगितलं होतं, आणि बाबा आज-उद्या करत टाळत होते.

"तू एवढ्या लांब," ती म्हणाली. "कळून काय करणार होतीस? नुसता जिवाला घोर."

मी फार चिडले. काय बोलले ते आता लिहावंसं वाटत नाही. पण दहा दिवसांत, लेकीला नवऱ्याकडे सोपवून, मी मिरजेत होते. मी समोर उभी राहिल्यावर बाबांचं टाळणं संपलं. ऑपरेशन पुण्याला झालं आणि चांगलं झालं.

मला कसं कळलं, हे त्यांनी दवाखान्यात विचारलं. मी हेडफोनची गोष्ट सांगितली. भूगोलाच्या मास्तरांनी ती सगळी नीट समजून घेतली, विक्रेत्याच्या कानासकट. मग म्हणाले, "म्हणजे यंत्राने चहाडी केली. आता मी आपली पत्रंच लिहीन." आणि हसताना त्यांना टाके दुखले.

आई हसली नाही. मशीनसमोर बोलायला ती लाजायची. बाबांनी कितीदा सांगितलं तरी टेपवर दोन शब्द बोलली नव्हती. आपला आवाज त्यात गेला याचंच तिला जास्त आश्चर्य वाटत होतं. माझ्याजवळ तिचं टेपवरचं वाक्य एवढं एकच आहे, आणि ते मी ऐकू नये म्हणून बोललेलं.

परत आल्यावर मी कॅसेट पहिल्यापासून मिक्स केली. त्या कोरड्या हेडफोनमध्ये माझंही पितळ उघडं पडलं. वरचा सूर मी ओढून आणत होते, आणि दोन गाण्यांत पेटी चक्क माझ्या पुढे धावत होती. ती गाणी पुन्हा भरली. कोरसमधली एक मुलगी ओळ सुरू करण्याआधी मोठ्याने श्वास घ्यायची. तो काढायला मी बटणापर्यंत हात नेला आणि राहू दिला. काकांनी गाडीत पहिली बाजू पूर्ण ऐकली, कॅसेट उलटली आणि दुसरी लावली.

बाबांनी खरंच पुन्हा टेप पाठवली नाही. पुढे अकरा वर्षं सुवाच्य अक्षरात पत्रं आली, आणि प्रत्येकात प्रकृती उत्तम. त्यांच्यावर मी विसंबले नाही. आईकडून वचन घेतलं होतं की यापुढे काही झालं तर वकिलांकडून फोन करून ती स्वतः सांगेल.

ऑपरेशननंतर दोन वर्षांनी एका सकाळी तिचा फोन आला. मी आधी बाबांचंच विचारलं. बाबा ठीक होते. तिच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला होता. तो किती वाढलाय, डॉक्टर काय म्हणाले, थेंब कोणते दिलेत, हे सगळं तिने आकाशवाणीवरच्या बातम्या वाचाव्यात तसं सावकाश, एकेक शब्द उच्चारत सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "नीट ऐकू आलं ना?"