दोन वळणांची रेषा

आमच्या इस्पितळाच्या व्यायामोपचार विभागात सगळे त्यांना मूठमामा म्हणत. मनगट मोडून प्लास्टर निघालेल्या माणसाला यंत्राची मूठ आवळायला लावायची आणि काट्यावरचा आकडा वहीत टिपायचा, हे त्यांचं काम. त्याआधी ते तराजू दुरुस्त करत. त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत ते देवाचंही ऐकत नसत. दर आठवड्याला तीच खुर्ची, कोपर तसंच वाकवलेलं, वेळ सकाळचीच. "आज जरा जास्त लिहा ना," असं कुणी लाडीगोडीने म्हटलं, तर म्हणायचे, "वाढवायचं तर मनगटात वाढवा, वहीत कशाला?"

अशी अकरा वर्षं गेली. मामांचं एकच पालुपद होतं. "पाचव्या-सहाव्या आठवड्यात मूठ रुसते. मग पुन्हा मनावर घेते."

मोठे डॉक्टर हसत. "मामा, दोन-चार पेशंटवरून नियम होत नाही." शेवटी एकदा डॉक्टरांनीच मामांच्या वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी तिथे नुकतीच संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले होते. "लावा सोक्षमोक्ष," ते म्हणाले.

उपचाराचे आठही आठवडे न चुकता आलेले एकशे बारा पेशंट निघाले. मी आकडे कॉम्प्युटरवर चढवले, आठवड्यागणिक गट केले आणि गटांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडल्या. मूठ हळूहळू वाढते, एवढंच काय ते दिसलं. मध्ये वाढ जरा थबकल्यासारखी वाटत होती, पण माणसामाणसांतल्या फरकाच्या गोंधळात तो योगायोगही असू शकत होता. मामांना कसं सांगावं, या विचारात मी त्यांना स्क्रीन दाखवला.

त्यांनी आकड्यांच्या यादीवरून बोट फिरवलं. "ताई, आकडे माझेच आहेत. पण यात माणूस कुठाय?"

"म्हणजे?"

"हे अठ्ठावीस त्या पैलवानाचे, हे नऊ शिंपीणबाईंचे. तुम्ही त्यांची आपसात झुंज लावताय. पैलवानाची मूठ पैलवानाच्याच मुठीशी ताडा की!"

एकशे बारा माणसांच्या आठ-आठ नोंदी मी आठशे शहाण्णव वेगळी माणसं असल्यासारख्या मांडल्या होत्या. पहिल्या वर्षात शिकवतात ते मी विसरले होते, आणि कॉलेजची पायरीही न चढलेल्या माणसाने ते एका नजरेत पकडलं.

मी सगळं पुन्हा मांडलं. एक माणूस, एक ओळ, त्याचे आठ आकडे. मग सॉफ्टवेअरला विचारलं, या माणसांची वाढ सरळ रेषेत आहे, एका वळणाची आहे, की दोन वळणांची? उत्तर यायला दोन सेकंदही लागले नाहीत. दोन वळणं. निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. स्क्रीनवर रेषा चार आठवडे चढली, पाचव्या-सहाव्यात आडवी पडली आणि पुन्हा उठली. मशीनला जे आत्ता दिसलं, ते हा माणूस वर्षानुवर्षं नुसत्या डोळ्यांनी पाहत होता!

"मामा, हे तुम्हाला कळलं कसं?"

ते खाली बघत म्हणाले, "आमच्या घरातलीचं मनगट मोडलं होतं. सहाव्या आठवड्यात ती कंटाळली. मीही म्हटलं, राहू दे. अजून तिला बरणीचं झाकण फिरवता येत नाही. नंतर इतरांच्या मुठी मोजताना कळलं, आम्ही नेमके कुठे थांबलो ते."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "मध्येच सोडून गेलेल्यांचं काय झालं असतं, हे यातून कळत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं. मग उठून मामांसमोर उभे राहिले. "पण बाकीच्यांबाबत मी चुकलो, मामा."

ती रेषा मोठी छापून आम्ही मामांच्या खुर्चीसमोर लावली. महिनाभरात एक बसचालक बाई आली. सहाव्या आठवड्यात तिने यंत्र बाजूला सारलं. "दोन आठवडे काटा अठरावरच अडलाय. पुरे झालं आता."

मामांनी रेषेच्या आडव्या भागावर बोट ठेवलं. "तुम्ही इथे आहात."

बोटाच्या पुढे पुन्हा वर चढलेली रेषा तिने पाहिली. मग यंत्र परत जवळ ओढलं.

आठव्या आठवड्यात काटा तेवीसवर गेला, तेव्हा बाई रडायलाच लागली. मामांनी तेवीस लिहिले, तारीख घातली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.